फरशी उकरायच्या आधी

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या गावांतून कुणाच्याच अंगात त्राण नसतं. मटण संपलेलं असतं, निम्मे पाव्हणे गेलेले असतात, उरलेल्यांना जायचं असतं पण उठवत नाही. गल्लीत तमिळनाडू, केरळ, बंगाल असल्या नंबरांच्या गाड्या सावली बघून लावलेल्या असतात. विट्याच्या अंगाला हे असंच चालत आलंय. घरटी एक तरी माणूस गलाईला, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनारांचं जुनं सोनं वितळवून, ॲसिडात घालून चोख करून द्यायच्या धंद्यात. अकरा महिने बंगले कुलपात, आणि चैत्रात आठ दिवस उंबऱ्यात चपला ठेवायला जागा नाही.

आकारामच्या बंगल्यात अकरा खोल्या होत्या. वर्षभर त्यात दोघंच राहायची, तो आणि मनुबाई, आणि तीही स्वयंपाकघर नि त्याला लागून असलेल्या एका खोलीत. आज मात्र सगळं घर हॉलात गोळा झालं होतं, कारण लाइट गेली होती आणि इन्व्हर्टरवर एकच पंखा चालत होता. त्या एका पंख्याखाली तुर्कस्तानला जायचं ठरत होतं.

"पाच जूनला निघायचं, चौदाला परत," धाकटा वीरधवल म्हणाला. तो पुण्यात नोकरीला. आईबापाच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात म्हणून त्यांना परदेश दाखवायचा बेत त्याचाच, आणि जानेवारीपासून तो हात धुऊन त्याच्या मागं लागला होता. "इस्तंबूल चार दिवस. मग कापाडोकिया, तिथं फुग्यात बसून आभाळात जायचं. मग ते पांढरे डोंगर."

"पांढरं कशानं?" आकारामनं विचारलं. तो दिवाणावर उताणा पडला होता, पंचा छातीवर टाकून.

"चुन्यानं, आबा. वरून गरम पाणी वाहत येतं. लोक त्यात पाय सोडून बसतात."

"गरम पानी," आकाराम म्हणाला. त्यानं पंचा तोंडावरून फिरवला. "त्येच्यासाटनं इमानानं जायचं."

स्टीलच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून रविराज हसला. थोरल्या सुनेचा, संयोगिताचा, हा भाऊ. साताऱ्यात लोकांना सहलींना नेण्याचा त्याचा धंदा. बहिणीसारखाच तोही तिच्या सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणायचा. "मामा, जूनमध्ये तिकडं ऊन कडक असतंय, मी खोटं बोलणार न्हाई. पण कोरडं असतंय. घाम येत न्हाई बघा."

"हितं तरी कुठं वल्लं हाय?" भिंतीला टेकून गुडघे चेपत बसलेली मनुबाई म्हणाली.

"आत्ती, टोपी घालायची, पाणी पीत राहायचं. गाडी गार असतीय. मला फक्त उद्या संध्याकाळपर्यंत दोघांचे पासपोर्ट पाठवा. व्हिसाला वेळ लागतोय, आता थांबलो तर जून हातचा गेला."

संयोगिता मोबाइलवर बोट फिरवत होती. "गेल्या साली जूनात तिथं छत्तीस सदतीस हुतं," ती म्हणाली. "मामांच्या छातीला ते चालंल का?"

"वहिनी, धंदा तुमच्या भावाचा आणि मोडता तुम्हीच घालताय," वीरधवल म्हणाला.

"तसं न्हवं भावजी. आपलं बघितलं."

"चालंल, चालंल," थोरला जयराज मध्येच म्हणाला. "दहा दिवस तर हायती. जाऊ द्यात त्येनला."

संयोगिताने नवऱ्याकडं बघितलं. धाकट्या भावाच्या कुठल्याही बेताला जयराजने आजवर सरळ हो म्हटलं नव्हतं. घराला रंग कुठला द्यायचा यावरून दोघं वर्षभर बोलत नव्हते. पण तुर्कस्तान म्हटलं की जयराज नंदीबैलासारखा मान हलवायचा, आणि का हलवायचा ते या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिला ते पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला होता.

"मला त्या फुग्यात घालू नगा," मनुबाई म्हणाली. "आन म्हशीचं काय?"

"शेजारच्या धुळाला सांगितलंय, आई," वीरधवल म्हणाला.

"धुळाला ती अंगाला हात लावू देत न्हाई."

"दहा दिवसांत सवय होईल तिला."

"म्हस हाय ती, सून न्हवं," मनुबाई म्हणाली, आणि एवढ्या उकाड्यातही संयोगिताला हसू आलं.

वीरधवलने मग हुकमाचं पान टाकलं. "आबा, इस्तंबूलला छपराखाली आख्खा बाजार आहे. आत गल्लीच्या गल्ली नुसते सोनार. कित्येकशे वर्षांचा."

आकारामनं पहिल्यांदा मान उचलली. "सोनार हायती म्हंजी गाळनारं बी असत्याल. त्ये दावत्याल का?"

"विचारू की आपण."

"मग चालतंय," आकाराम म्हणाला आणि पुन्हा डोकं टेकलं.

---

स्वयंपाकघरात पन्हं ढवळताना संयोगिताने जयराजला गाठलं.

"तुमी मामांना सांगनार हाय का न्हाई?"

"हळू बोल."

"हळूच बोलतीय. चार म्हैनं हळूच बोलतीय."

गोष्ट अशी होती. कोइमतूरच्या ज्या खोलीत आकारामनं बावीस वर्षांचा असताना पहिली भट्टी पेटवली, ती खोली जयराज अजून चालवत होता. मालकाला ती इमारत पाडायची होती. आधी दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला, मग जानेवारीत त्यानं शब्द फिरवला आणि दहा जूनला जागा मोकळी हवी म्हणून सांगितलं. दिवाळी एवढंच आकारामला माहीत होतं, जून माहीत नव्हता.

गलाईचं दुकान सोडायचं म्हणजे नुसतं कुलूप लावून निघायचं नसतं. वर्षानुवर्षं सोन्याची भुकटी फरशीच्या सांध्यांत, लाकडी फळ्यांत, निजायच्या चटयांत, झाडून झाडून झिजलेल्या केरसुणीतसुद्धा मुरलेली असते. जागा सोडताना फरशी उकरतात, फळ्या नि चटया जाळतात, ती माती नि राख धुऊन गाळतात. आकारामच्या घरात तर रीत अशी, की ज्यानं भट्टी पहिल्यांदा पेटवली त्यानंच फरशीवर पहिली पहार मारायची. त्याच्या चुलत्यानं मदुराईला तशी मारली होती.

"डॉक्टर काय म्हनलं तू ऐकलंस न्हवं?" जयराज म्हणाला. "सांगलीला समोर बसून सांगितलं त्येनी. धूर न्हाई, भट्टी न्हाई, फुफ्फुस निम्मं गेलंय. आबा तितं आलं तर भाईर बसून ऱ्हातील का? चार-पाच दिवस धूर निघनार. मला त्येंचं काय बरंवाईट झालेलं बगायचं न्हाई."

"म्हनून तुर्कस्तान."

"वीराची हौस बी हुतीय, आबा बी लांब ऱ्हात्यात. आल्यावर सांगू. फोटोबिटो बगून खूश असतील तवा."

माणूस वाईट नव्हता. तिला त्याची कीवच आली. पण त्या खोलीपायी लपवाछपवी करायची ही तिची दुसरी वेळ होती. चोवीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, कोइमतूरच्या आपल्या फ्लॅटवरून डबा घेऊन ती त्या खोलीवर गेली होती. आठ बाय दहाची जागा, खिडकी नाही, कोपऱ्यात भट्टी, भट्टीपासून तीन हातांवर चार चटया गुंडाळून ठेवलेल्या. ॲसिडच्या वाफेनं तिचे डोळे चुरचुरले आणि ती जिन्यात येऊन ओकली. मागून आकाराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. तो म्हणाला, "आत्तीला काय सांगू नगंस, पोरी." तिनं आजवर सांगितलं नव्हतं.

"ग्लास घ्या," ती जयराजला म्हणाली.

---

पन्हं पिऊन आकारामला जरा हुशारी आली. उठून बसला. "वीरा, एक बरं झालं. जून मोकळाच हुता. पावसाच्या आधी तुर्कस्तान करून येऊ. मग दिवाळीला कोइमतूरला जाऊन फरशी उकरली की मी सुटलो. मग कुटं जायचं न्हाई न् यायचं न्हाई."

जयराज मूग गिळून मोबाइलकडं बघत होता, आणि मोबाइलमध्ये रविराज त्याच्याकडं.

"मामा," संयोगिता म्हणाली, "दिवाळी न्हाई. धा जून."

"काय धा जून?"

"खोली सोडायची. मालकानं जानेवारीतच सांगितलंय."

आकारामनं ग्लास खाली ठेवला. आरडाओरडा करण्याएवढा श्वास त्याच्याकडं उरला नव्हता, आणि उरला असता तरी त्यानं केला नसता. "जयराज. खरं हाय?"

"आबा, डॉक्टरनी..."

"मी खरं हाय का इचारलं."

"व्हय."

"आन मी तिकडं गरम पान्यात पाय सोडून बसनार हुतो. तू हिकडं फरशी उकरनार हुतास."

"तुमची छाती बगून केलं आबा. दुसरं काय मनात न्हवतं."

वीरधवल भावाकडं बघत होता. तोंडात मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "म्हणजे माझी ट्रिप तुझ्या सोयीची पडली. तरीच म्हटलं, दादा एवढा गोड कसा झाला. मी चार महिने झटतोय, आणि तू मला बुजगावण्यासारखं पुढं उभं केलंस."

"वीरा, तुला सांगितलं असतं तर तू आबांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं."

"मंग?"

फोनमधून रविराज खाकरला. "मी नंतर लावतो," तो म्हणाला आणि दिसेनासा झाला.

"मी कोइमतूरला येनार," आकाराम म्हणाला. "पहार माजी हाय. पहार मारीन आन भाईर बसंन. धूर काडायच्या आधी मला गाडीत घाला."

"तुमी बसनार न्हाई आबा, मला म्हाईत हाय."

"मी बगंन त्येनला," मनुबाई म्हणाली. "मी बी येनार हाय."

ती इतकं साधं बोलली, की पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग आकारामनं तिच्याकडं वळून बघितलं.

"तू कशाला? तितं लय उकडतंय."

मनुबाईनं गुडघे चेपायचं थांबवलं. "पन्नास वरसं हेच आयकतीय," ती म्हणाली. "तितं लय उकडतंय. बायकांचं काम न्हाई. पुढच्या साली नेतो. जयराज चार वरसाचा हुता तवा मी ट्रंक भरली हुती. लुगडी, ताटं, पोराची अंगडी. तुमी आला आन म्हनला, औंदा न्हाई. ती ट्रंक तशीच माळ्यावर हाय. आन आता तुर्कस्तानात उकडलं तरी चालतंय व्हय?"

"आई, तसं नको म्हणू," वीरधवल तिच्याजवळ सरकून बसला. "तुझ्यासाठीच केलंय हे. कोइमतूरला काय, पुढच्या वर्षी मी नेतो तुला, विमानानं."

मनुबाई हसली. आवाज न करता, दमलेलं माणूस हसतं तसं. "पुढच्या वरसी. सोळा आनं बापाचा ल्योक हाईस. पुढच्या वरसी तितं काय असंल रं? खड्डा?"

वीरधवल तिचे गुडघे चेपू लागला.

"न्हाई," आकाराम म्हणाला. "मी जातो. तू यायचं न्हाई." आणि पंचा खांद्यावर टाकून तो परसदारी निघून गेला.

हॉलात पंखा तेवढा चालू राहिला. जयराज बायकोला म्हणाला, "झालं समाधान?" ती म्हणाली, "झालं," आणि रिकामे ग्लास गोळा करू लागली. खरं म्हणजे तिला रडू येत होतं, पण चार दिवस पन्नास माणसांचं रांधून रडायलासुद्धा जोर राहिला नव्हता. मनुबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. सुनेच्या हातातला पन्ह्याचा शेवटचा भरलेला ग्लास तिनं काढून घेतला.

"तू ती खोली बगितलीयास न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

संयोगिताने खाली बघितलं. "बगितलीय आत्ती."

"बरं," मनुबाई म्हणाली. ग्लास घेऊन ती परसदारी गेली.

---

गोठ्याच्या पत्र्याखाली आकाराम बाजेवर बसला होता. म्हैस रवंथ करत होती. त्याला वाटलं, हिला न्यायला काय हरकत होती? तिथं आता भट्टीसुद्धा विझलेली असणार. पण त्याला खिडकी आठवत होती.

खिडकी त्यानं पत्रात लिहिली होती. पंचाहत्तर साली. मनुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची पत्रं पोस्टमन पारावर बसून वाचून दाखवायचा, आणि सगळी आळी ऐकायला जमायची. आळीपुढं कुणी लिहील का, की मी भट्टीशेजारी चार गड्यांच्यात निजतो, पहाटे खोकून उठतो, नि डोळ्यांतनं पाणी काढत पुन्हा कामाला बसतो? त्यानं लिहिलं, जागा दोन खोल्यांची आहे. मोठी खिडकी आहे. आपलं ठेवायचं झाकून. मग पुढच्या पत्रात खिडकीबाहेर नारळ आला, त्याच्या पुढच्या पत्रात खाली फुलवाली आली. दर वर्षी ती खोली पत्रात वाढत गेली, आणि जितकी वाढली तितकं तिला नेणं अवघड झालं.

मनुबाईनं ग्लास त्याच्या हातात दिला आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. त्यानं ग्लास धरला तेव्हा तिनं त्याच्या बोटांकडं बघितलं. पासपोर्टसाठी सांगलीला गेले होते, तेव्हा यंत्रावरच्या मुलीनं ती बोटं चार वेळा पुसली होती. ठसा उठेना. शेवटी तिनं विचारलं, "आजोबा, काय काम करत होता तुम्ही?" आकाराम म्हणाला, "गलाई." बोटांवर रेषाच नव्हत्या, ॲसिडनं सगळ्या नेल्या होत्या. मनुबाईचे दहाच्या दहा ठसे एका दमात उठले. परत येताना ती एसटीत खिडकीशी बसली होती आणि सबंध वाटभर तिच्या डोक्यात त्या मुलीचा प्रश्न होता. एवढ्या वर्षांत तिनं स्वतः तो कधी विचारला नव्हता.

"आवं," ती म्हणाली.

"हं."

"तुमाला मला न्यायचं का न्हाई?"

"उकडतंय म्हनलो न्हवं."

"खरं बोला. आता कोन पारावर वाचून दावनार न्हाई."

आकारामनं एक घोट घेतला. म्हशीकडं बघत तो म्हणाला, "खिडकी न्हाई तितं."

"म्हाईत हाय."

"नारळ बी न्हाई. फुलवाली बी न्हाई."

"म्हाईत हाय."

"कोन बोललं? संयोगिता?"

"तिला कशाला इचारू? दर जत्रंला तुमची कापडं कोन धुत हुतं?" ती म्हणाली. "आळीतल्या बाया मला म्हनायच्या, मनुबाई, येवढी खिडकीची खोली, तुला का नेत न्हाई? तितं दुसरी असंल. पयल्या वरसी मी लय रडली. मंग तुमी आला, मी तुमची ट्रंक उघडली. धा पान्यात धुतलं तरी त्या सदऱ्याचा वास जाईना. नाक झोंबायचं. बाह्यांना चाळणीवानी भोकं. मी तवाच म्हनलं, खिडकीच्या खोलीतनं अशी कापडं येत न्हाईत. आन बाई असलेल्या घरातनं बी येत न्हाईत."

आकारामला खोकला आला, तो आवरेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"बोलली न्हाईस कवा," तो म्हणाला.

"तुमी लिवत हुता ते बरं लिवत हुता. आळीला बी बरं वाटायचं." तिनं पदरानं मान पुसली. "मला बी वाटायचं."

आतून भावाभावांचे आवाज येत होते. वीरधवल फोनवर रविराजला विचारत होता, तारीख ऑक्टोबरात गेली तर तिकडं ऊन कमी असतं का. जयराज त्याला मध्येच म्हणत होता, आधी आबांच्या डॉक्टरना विचार, मग कापाडोकिया. भांडण पुन्हा नेहमीच्या मापाचं झालं होतं.

"मग येऊन बगनार काय तू?" आकाराम म्हणाला. "खिडकी न्हाई हे ठावं हाय, काय न्हाई हे ठावं हाय."

"तुमी कुटं निजत हुता ती जागा बगीन."

"चटईएवढी जागा हाय, मनू."

नावानं त्यानं तिला कितीतरी वर्षांत हाक मारली नव्हती. ती ग्लास घेऊन उठली, कमरेवर हात ठेवून दोन क्षण उभी राहिली.

"चालंल," ती म्हणाली. "पहार मारायच्या आधी मला तेवढी एकदा झाडू द्या."